व्हिडिओ, पंगतीसकट

बसमध्ये समोरच्या सीटवर एखादा अनोळखी माणूस येऊन बसतो आणि मला त्याचं सगळं ठाऊक असतं. मंगलाष्टकं चालू असताना हा घड्याळ बघतो, जेवताना मोबाइल डाव्या कानाला लावून ठेवतो, आणि आइस्क्रीमच्या रांगेत दुसऱ्यांदा उभं राहताना ओळखू येऊ नये म्हणून फेटा काढून काखेत मारतो. त्याला मी कोण ते माहीत नसतं. मी मात्र त्याला कॉम्प्युटरवर आठवडाभर पुढे-मागे केलेलं असतं. एकदा भोसरीच्या स्टॉपवर अशाच एका गृहस्थांना मी तोंडभर हसून "काय, बरे आहात ना?" असं विचारून बसले. शेजारी त्यांची बायको उभी होती. ती मंडईत भेटली की अजून माझ्याकडे डोळे बारीक करून बघते.

आमचा धंदा लग्नाचे व्हिडिओ करण्याचा. भोसरीत बेअरिंगच्या दुकानावर आमचा स्टुडिओ आहे. लग्न होऊन लातूरकडून इकडे आले तेव्हा आमचे हे एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते आणि सुट्टीच्या दिवशी मित्राचा कॅमेरा घेऊन लग्नं करायचे. पुढे वर्कशॉप सुटलं, कॅमेरा राहिला. हे शूटिंग करतात, मी मिक्सिंग करते. मिक्सिंग म्हणजे शूट करून आणलेल्या ढिगातून नको ते काढायचं, हवं ते जोडायचं आणि खाली संगीत सोडायचं. निवडलेल्या तांदळावर घरातल्या बाईचं नाव नसतं, तसं व्हिडिओवरही माझं नाव नसतं. व्हिडिओवर ह्यांचं नाव येतं, तेही सोनेरी अक्षरात, गरगर फिरत. ते गरगर फिरणं मीच टाकलेलं आहे, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

काउंटरही माझ्याकडेच. अवघड काम लग्नाच्या दिवशी असतं असं लोकांना वाटतं. माझ्या मते ते त्याच्या आधी असतं, जेव्हा मुलगी, मुलगा, दोघांचे आईबाप आणि एखादा सगळं कळणारा आतेभाऊ अशी फौज जिना चढून येते आणि कुठला व्हिडिओ करायचा यावरून आमच्या बाकड्यावर पहिलं भांडण होतं. संसारातलं हे पहिलं भांडण आमच्याकडे होतं, याचा मला थोडा अभिमानही आहे.

पूर्वी प्रश्नच नव्हता. शूटिंग म्हणजे शूटिंग. आता नुसती नावं ऐकूनच बापलोक पाणी मागतात. एक असतो ट्रॅडिशनल, म्हणजे जुन्या पद्धतीचा. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं ओळीने, तीन-तीन तास, त्यात स्टेजवर चढलेला प्रत्येक माणूस हात जोडून उभा. दुसरा सिनेमॅटिक. हा थोडक्यात असतो. नवरी हळूहळू वळते, पदर हळूहळू उडतो, अक्षतासुद्धा दमल्यासारख्या हळूहळू पडतात. त्याचंही आणखी लहान पिल्लू म्हणजे टीझर, आणि टीझरचं पिल्लू म्हणजे मोबाइलवर टाकायचं रील. शिवाय लग्नाआधी डोंगरावर नाहीतर समुद्रावर जाऊन करायचं प्री-वेडिंग, वरून घ्यायचा ड्रोन, आणि लांबच्यांना मोबाइलवर लग्न दाखवायचं लाइव्ह. मी हे सगळं समजावून सांगते आणि शेवटी मुलीचे वडील विचारतात, "म्हंजी शूटिंग करनार न्हवं?"

लोक काय निवडतील ते त्यांच्या कपड्यांवरून कळत नाही. देहूरोडच्या एका गृहस्थांना ड्रोनच पाहिजे होता, कारण थोरल्या व्याह्यांच्या घरी ड्रोन झाला होता. कार्यालय लष्कराच्या हद्दीला लागून. तिथे ड्रोन उडवला असता तर नवरदेवाच्या आधी आमची वरात निघाली असती. आम्ही परोपरीने सांगितलं, पण त्यांचं एकच, "माझी इज्जत आहे ना, राव." शेवटी ह्यांनी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर चढून, लांब काठीला कॅमेरा बांधून वरून शूटिंग केलं. आम्ही तसं त्यांना सरळ सांगितलंसुद्धा. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि व्हिडिओ बघताना सगळ्या पाहुण्यांना सांगितलं, "बघा, ड्रोन किती स्थिर आहे. त्यांचा हलत होता."

लाइव्ह हा प्रकार मला आधी पटत नव्हता. लग्नाला यायचं तर या, नाहीतर घरी बसा, असं माझं मत. मग कासारवाडीच्या एका मुलाचं लग्न आलं. त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाला सुट्टी मिळाली नाही. कंपनीत मोठी ऑर्डर चालू होती आणि लाइनवर त्याच्या जागी उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं. मुहूर्त नेमका जेवणाच्या सुट्टीतला. त्याने कँटीनच्या भिंतीला मोबाइल टेकवून लाइव्ह लावलं. मंगलाष्टकं सुरू झाली तसा कँटीनच्या आचाऱ्याने आतून तांदूळ आणले, ताट वाजवायला दोघं उभे राहिले, आणि सेफ्टी शूज घातलेल्या पन्नासभर माणसांनी मोबाइलवर अक्षता टाकल्या. सुपरवायझरसाहेब सगळ्यांत पुढे होते. कुणीतरी त्याचंही शूटिंग करून आम्हाला पाठवलं. मी ते मूळ व्हिडिओत, "शुभमंगल सावधान"च्या बरोबर नंतर जोडलं. तो भाऊ पेढे घेऊन आला आणि काउंटरवर उभा राहून लहान मुलासारखा रडला. तेव्हापासून लाइव्हला मी नावं ठेवत नाही.

प्री-वेडिंगच्या तर दोन कॉपी काढायची पद्धत आम्हीच पाडली. एक मित्रांसाठी, आणि एक घरच्यांसाठी, जिच्यात मुलगा-मुलगी हातभर अंतर ठेवून समुद्राकडे बघतात. दुसरीला आम्ही आजी कॉपी म्हणतो. एकदा चिखलीच्या एक खऱ्याखुऱ्या आजी गुडघे धरत, जिना चढत वर आल्या. मला वाटलं, आता आली तक्रार. आजी बाकड्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "नातू म्हनला दोन कॅशेटी हाईत. मला घरी दावली ती लई मिळमिळीत हाय. दुसरी लाव." मी म्हटलं, आजी, ती मित्रांसाठी आहे. "मंग? मी काय तरनी न्हवते व्हय कधी?" मी दुसरी लावली. आजींनी ती पदर तोंडाला लावून दोनदा बघितली.

आता ज्या लग्नासाठी हे सगळं लिहायला बसले, त्याकडे येते.

चाकणच्या बाजूच्या एका गावातलं कुटुंब. शेती थोडी उरलेली, वडिलांच्या गाड्या कंपनीत सामान पोचवायला लावलेल्या, मुलगी ऋतुजा एका कंपनीच्या ऑफिसात. चुणचुणीत मुलगी. येतानाच ठरवून आली होती: सिनेमॅटिक, टीझर, रील, बस. ट्रॅडिशनल नको.

"तीन तास कोण बघणार, मॅडम? लोक जेवताना दाखवतात त्यात. तोंडात घास, वर लाइट. मला नको ते."

तिचं चूक नव्हतं. जुन्या पद्धतीच्या व्हिडिओत पंगत घ्यावीच लागते. आमचे हे लाइट घेऊन पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात, प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा क्षणभर थांबतो. कुणी घास हातातच धरून फोटोसारखं बसून राहतं, कुणी बाई पदराआड होते, कुणी लहान मूल जिलेबी कॅमेऱ्याला देऊ करतं. आलेला माणूस व्हिडिओत आला पाहिजे, हा त्यामागचा हिशोब. ह्यांना याचा भारी अभिमान. "माझ्या पंगतीतून माणूस सुटत नाही," असं ते गिऱ्हाइकांना सांगतात आणि नव्या मुली नाक मुरडतात. आताशा पंगत मागणारं गिऱ्हाईक दुर्मीळ झालंय, याचं ह्यांना वाईट वाटतं. मला तितकं वाटत नसे. तीन तासांचं मिक्सिंग मला करावं लागतं, ह्यांना नाही.

ऋतुजाची आई, मंगलताई, त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. लेक सांगत होती, त्या मान हलवत होत्या. सिनेमॅटिक ठरलं, तारीख लिहून घेतली, सगळे गेले.

पुढच्या आठवड्यात मंगलताई एकट्याच आल्या. बस बदलून आल्या होत्या, कपाळावर घाम. बाकड्याच्या अगदी कडेला बसल्या.

"ताई, पोरीचं हाय ते करा. पर मला ते जुनं बी पायजे. पंगतीसकट."

मी म्हटलं, करू की. पण घरात तर कुणालाच नको होतं.

"पोरीला सांगू नका. माझ्यासाठी करा." थोडा वेळ हातातली पिशवी उलगडत-मिटत राहिल्या. मग म्हणाल्या, "माजा भाऊ हाय. दादा. बोलत न्हाई माझ्याशी."

गोष्ट आमच्या पट्ट्यात घरोघरची आहे. वडिलांच्या जमिनीवर कंपनी आली. पैसे मिळायच्या आधी हक्क सोडल्याचा कागद भावाने बहिणीपुढे ठेवला. मंगलताईंनी सही केली नाही, आपला वाटा मागितला. "मागितला, त्यात चुकलं का? कायद्यानं व्हता. मिळाला बी. पर भाऊ गेला." भावाने त्यानंतर दारात पाऊल टाकलं नाही. राखी नाही, भाऊबीज नाही. ऋतुजाची पत्रिका घेऊन त्या स्वतः गेल्या, तर दादा घरात असूनही बाहेर आला नाही. वहिनींनी पत्रिका घेतली आणि चहाचंही विचारलं नाही.

"आता येईल का न्हाई, म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या. "आला तर मला दिसायचा न्हाई. मी कार्यात आडकलेली. मागनं चार जन येऊन सांगतील, आला हुता, दिसला हुता. माजा इश्वास बसायचा न्हाई. आन् नुसता आला तर काय? आमच्यात राग आसला तरी मानूस लग्नाला येतो, तोंड दाखवतो, आहेर करतो. पर पानावर बसत न्हाई. पानी बी पीत न्हाई. आन् जेवला, की राग गेला. मंग तोंडानं काय बी म्हनू दे."

मला आमच्याकडची आठवण झाली. लातूरकडेही असंच आहे. माझी चुलत आत्या माझ्या लग्नात दिवसभर उन्हात उपाशी बसली होती आणि तिने उपाशी बसलेलं सगळ्यांना दिसेल अशी जागा शोधली होती.

"म्हणून पंगत पायजे," मंगलताई म्हणाल्या. "तुमच्या मालकांना सांगा, शेवटच्या पानापत्तूर घ्या. तो बसला तर दिसंल. न्हाई बसला तर... न्हाई दिसला की मी बी ध्यास सोडंन. पोरीनं सोडलाय. मीच सोडला न्हाई."

मी शूटिंगला सहसा जात नाही. या लग्नाला गेले. चाकणजवळचं मोठं लॉन, फुलांची कमान, दारात तुतारी. सिनेमॅटिकसाठी रोजावर बोलावलेली दोन मुलं कॅमेरे घेऊन नवरीभोवती भोवऱ्यासारखी फिरत होती. आमचे हे मोठा कॅमेरा खांद्यावर घेऊन, आपण कुणालाच नको आहोत अशा चेहऱ्याने कोपऱ्यात उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं होतं, पण दादांचा चेहरा ना त्यांनी पाहिलेला, ना मी.

मुहूर्त दुपारचा होता. तो स्टेजवरच्या सत्कारांमध्ये कधी निघून गेला ते कळलं नाही. आमच्या भागात आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याला हार घालतात, मुहूर्ताला कुणी घालत नाही, म्हणून तो थांबत नाही. अखेर अंतरपाट धरला गेला आणि माइकवाल्याने पुकारा केला, "मुलीचे मामा! मुलीचे मामा जिथं असतील तिथनं त्यांनी स्टेजवर यावं!"

नवरीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं, ही रीत. माइकवाल्याला घरातलं काही माहीत नव्हतं. तो बिचारा उत्साहाने पुकारत राहिला. मंगलताई स्टेजच्या पायरीवर उभ्या होत्या, आणि प्रत्येक पुकाऱ्याला त्यांची मान कमानीकडे वळत होती. कमानीतून आइस्क्रीमचे डबे येत होते, उशिरा आलेले पाहुणे येत होते. ऋतुजाने आईकडे एकदा बघितलं आणि खाली बघितलं. शेवटी ऋतुजाच्या वडिलांनी एका चुलत मामाला हाताला धरून वर आणलं. अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या. मला त्या माइकवाल्याचा इतका राग आला की मी त्याला आइस्क्रीमच्या रांगेत धक्का मारून पुढे गेले.

मग जेवणं. कंपनीतल्या मंडळींसाठी उभ्याने बुफे, गावच्या मंडळींसाठी मांडवात पंगती. सिनेमॅटिकच्या मुलांनी नवरा-नवरीचा एकमेकांना घास भरवतानाचा शॉट घेतला आणि सामान आवरायला घेतलं. ह्यांनी लाइट पेटवला. पहिली पंगत, दुसरी पंगत. हे चालत राहिले. वाढपी वैतागले, लॉनचा मॅनेजर येऊन म्हणाला, "भाऊ, झालं की आता. ही शेवटची आमच्याच माणसांची पंगत आहे. बँडवाले, ड्रायव्हर, वाढपी. ह्यांचं काय शूटिंग घेता?" हे म्हणाले, "ते पण जेवायलेत ना?" आणि पुढे चालू लागले. हेही मूळचे लातूरकडचेच, रागावले की तिकडचं बोलतात.

मंगलताई पाठवणीनंतर माझ्याजवळ आल्या. डोळे लेकीसाठी रडून सुजलेले. "कुनी सांगितलं न्हाई," एवढंच म्हणाल्या. म्हणजे आला होता असं सांगणारंसुद्धा कुणी भेटलं नव्हतं.

आमच्याकडे अशी पद्धत आहे की व्हिडिओ पक्का करण्याआधी गिऱ्हाइकाला एकदा बोलावून दाखवायचा. कुणाचा चेहरा राहिला, कुणाचं नाव चुकलं, ते त्यांनी सांगायचं. मंगलताई एका सकाळी आल्या. मी हळदीपासून लावणार होते. त्या म्हणाल्या, "पंगत लावा."

पंगत लावली. मी आयुष्यात पंगती खूप पाहिल्यात, पण कुणी अशी पंगत बघताना पाहिलं नव्हतं. त्या स्क्रीनपाशी खुर्ची ओढून बसल्या. एकेक चेहरा आला की ओठ हलत: हा थोरला दीर, ही नणंदेची जाऊ, हा सरपंचाचा मेव्हणा. पहिली पंगत संपली, दुसरी संपली. गावची माणसं संपत आली तसा त्यांचा आवाज बारीक होत गेला. मी म्हटलं, ताई, चहा मागवू का?

शेवटची पंगत लागली. लाल कोट काढून खांद्यावर टाकलेले बँडवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, घामेजलेले वाढपी. मी पुढे पळवायला हात नेला.

"थांबा. मागं घ्या."

मी मागे घेतलं. ताशेवाल्याच्या पलीकडे एक माणूस बसला होता. टॉवेल डोक्यावरून पुढे ओढलेला, मान खाली. चेहरा दिसत नव्हता. त्याने भाताला मधोमध बोटांनी आळं केलं, कडा नीट दाबून घेतल्या, वरण आत मावेल तेवढंच घेतलं, एक थेंब बाहेर सांडू दिला नाही.

"दादा," मंगलताई म्हणाल्या.

मी म्हटलं, चेहरा तर दिसत नाही.

"चेहरा कशाला पायजे? आईनं दोघांना एका ताटात जेवू घातलंय. माज्या वरणात त्याचं वरण मिसळू नये म्हणून आसं आळं करायचा. लई भांडायचा."

पुढे वाढपी जिलेबी घेऊन आला. माणसाने हात आडवा केला नाही, पुढे केला. ह्यांचा लाइट तोंडावर आला तसं त्याने दचकून वर बघितलं. पन्नाशी उलटलेला, दाढी वाढलेला, मंगलताईंचंच नाक. मी तिथे थांबवलं. मंगलताई पदराने डोळे पुसत हसायला लागल्या, आणि हसता हसता रागावल्या. "बँडवाल्यांत बसला! मामा हाय का वाजंत्री? सगळा गाव वर हाका मारतोय आन् हा बँडवाल्यांत जिलेब्या हाणतोय!"

मग एकदम म्हणाल्या, "फोन लावा. तुमच्या नंबरवरनं लावा. माजा उचलायचा न्हाई."

नंबर त्यांना तोंडपाठ होता. मी फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून आवाज आला, "कोन?" मंगलताईंनी फोन माझ्याकडे सरकवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "नमस्कार. लग्नाचा व्हिडिओ केलाय ना, त्या स्टुडिओतून बोलतेय. ऋतुजाच्या लग्नाच्या व्हिडिओत तुम्ही दिसताय, म्हणून..."

"म्या? म्या न्हवतोच तितं. दुसरं कुनी आसंल."

एवढं ऐकल्यावर मंगलताई फोनवर वाकल्या. "न्हवतास? मंग भाताचं आळं कोन करत हुतं? तुजं भूत?"

पलीकडे कुठेतरी म्हैस ओरडल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता फोन ठेवतो. मंगलताईंनी टेबलाची कड धरली होती.

"वांग्याच्या भाजीत मीठ कमी हुतं," दादा म्हणाला.

मंगलताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मंग तवाच सांगायचं न्हाई व्हय? आख्खा गाव जेवून गेला!"

"कुनाला सांगू? तू मांडवात हुतीस. माइकवाला मामा, मामा करून बोंबलत हुता. म्या कमानीपत्तूर आलो हुतो, मंगे. पाय उचलंना. एवढ्या वरसांनी सगळ्यांम्होरं कुठलं तोंड घिऊन वर चढू? म्हटलं, जाऊ माघारी. पर पोरीचं लगीन. उपाशी जायला बी जीव व्हईना."

मी उठून खिडकीपाशी गेले. काम नसताना जाते तशी. खाली बेअरिंगच्या दुकानात टेम्पो खाली होत होता. माझेही डोळे भरले होते, आणि का ते विचारायला तिथे कुणी नव्हतं म्हणून बरं वाटलं. मागे दोघं बोलत होते. कागदाचं, जमिनीचं एक अक्षर नाही. वहिनीच्या गुडघ्याचं, म्हशीचं, आईच्या एका पितळी परातीचं, जी दोघांनाही हवी होती आणि आता कुणाकडे आहे ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

शेवटी दादा म्हणाला, "केळवण ऱ्हायलं माजं. लग्नाआधी करत्यात, म्या आता करतो. जोडीला घिऊन ये. मिठाचं म्या बघतो."

ऋतुजाला आईने तो तुकडा दाखवला. दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन. "मॅडम, तो पंगतीतला मामाचा शॉट सिनेमॅटिकमध्ये टाकता येईल?" मी म्हटलं, बाळा, लाइट जुळणार नाही, रंग जुळणार नाही, तुझा पदर हळूहळू उडतोय आणि मध्येच मामा जिलेबी खाणार. "चालेल," ती म्हणाली. मी टाकला. तोही हळूहळू केला. मामाचा हात ताटावरून इतक्या सावकाश पुढे येतो की जिलेबीलाही वाट बघावी लागते. आमच्या ह्यांनी तो बघितला आणि दिवसभर कॉलर ताठ करून हिंडले. आता काउंटरवर कुणी ट्रॅडिशनल नको म्हटलं की मी वाद घालत नाही. फक्त विचारते, घरात कुणी रुसलंय का? बहुतेक घरांत कुणीतरी निघतंच, आणि मग बाकड्यावर जरा कुजबुज होते.

केळवणाला मंगलताईंनी आम्हा दोघांनाही आग्रहाने बोलावलं, वर बजावलं, "कॅमेरा आनू नका." ह्यांना हात मोकळे ठेवून कार्याला जायची सवय नाही, सारखे खिसे चाचपत होते. दादांच्या ओसरीवर पंगत बसली. वांग्याची भाजी दादांनी स्वतः केली होती, चुलीवर, सकाळपासून कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. पहिला घास घेतल्याबरोबर नवा जावई पाण्याचा तांब्या शोधायला लागला. ऋतुजाने हसू लपवायला मान खाली घातली. आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

भाजी चांगलीच खारट झाली होती. मंगलताईंनी ते सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात सांगितलं, आणि पुन्हा मागून घेतली.